शनिवारचं मैदान: दोन-तीन चर्चनी मिळून गल्लीतल्या मुलांसाठी खेळ कसा सुरू करावा

बेळगाव भागाला फुटबॉलची ओळख करून द्यावी लागत नाही. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, आणि खुद्द शहरात सेंट पॉल्ससारखी १८५६ पासूनची शाळा. कॅम्प असो, खानापूर असो की लोंढ्याची रेल्वे वसाहत, पोरांना चेंडू आणि मोकळी जागा दिसली की खेळ आपोआप सुरू होतो. अडतं ते नंतर. मोठी पोरं लहानांना हाकलतात, मुली कडेला उभ्या राहून बघतात, चेंडू फुटला की महिनाभर सगळं बंद. हे सांभाळायला दर आठवड्याला न चुकता येणारी चार-सहा मोठी माणसं लागतात, आणि एकट्या चर्चकडे ती सहसा नसतात. एका चर्चला प्रशस्त आवार असतं, पण तरुण संघात पाचच जण. दुसऱ्या मंडळीत वीस तरुण, पण उपासना भाड्याच्या हॉलमध्ये. तिसरीकडे एखादी निवृत्त पी.टी. टीचर असते, जिला कुणी कधी विचारलेलंच नसतं. या तीन गोष्टी एकत्र आणायच्या आहेत. हा लेख ज्यांनी असं काही आजवर केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

स्पर्धा नको, शनिवार हवा

पहिल्या बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, "एक मोठी टुर्नामेंट घेऊ या, ट्रॉफी ठेवू या." इथेच थांबा. आठ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सात सामने होतात आणि चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणजे निम्मी मुलं जेमतेम अर्धा तास खेळून कडेला बसतात, आणि त्यात सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त, कधीच न खेळलेली मुलं असतात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तीच आधी बाहेर पडतात. शिवाय एका दिवसाच्या मंडप, ट्रॉफी आणि जेवणाच्या खर्चात दोन हंगामांचे चेंडू येतात.

त्याऐवजी सलग आठ शनिवार, दीड तास, चोवीस मुलं. एवढंच धरा. आठ शनिवार नीट पार पडले की पुढच्या वर्षी दुसरा गट वाढवता येतो. पहिल्याच वर्षी ऐंशी मुलांची नावं घेतली तर तिसऱ्या शनिवारी कार्यकर्ते थकतात आणि पाचव्या शनिवारी मैदानावर कुलूप दिसतं.

बैठक आणि एका पानाचा कागद

प्रत्येक चर्चमधून दोन माणसं घ्या, एक पुरुष आणि एक स्त्री. तीन चर्च असतील तर सहा जणांची कमिटी झाली. प्रमुख म्हणून पाळकांना किंवा फादरना बसवू नका. त्यांचा पाठिंबा हवा, सही हवी, रविवारी मंडळीसमोर दोन शब्द हवेत, पण रोजचं काम त्यांच्यावर टेकलेलं नको. मेथॉडिस्ट पाळकांच्या नेमणुका वार्षिक परिषदेत होतात, फादरांच्या बदल्या बिशप करतात. माणूस बदलला की त्याच्या उत्साहावर उभं राहिलेलं कामही त्याच्याबरोबर जातं.

एका पानावर एवढं लिहून सगळ्या चर्चच्या सह्या घ्या:

जागा कुणाची आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. फाटकाची चावी कुणाकडे. सामान कुणाच्या खोलीत राहणार. पैसे कुणाकडे, आणि खर्चावर कोणत्या दोघांच्या सह्या लागणार (दोघं वेगवेगळ्या चर्चचे हवेत). एखाद्या चर्चने मध्येच अंग काढलं तर चेंडू आणि जाळ्या कुणाच्या. मैदानावर धर्माबद्दल काय करायचं आणि काय नाही.

वर्गणी एखाद्याच्या खासगी फोनपेच्या खात्यावर घेऊ नका. माणूस प्रामाणिक असतो, पण तीन महिन्यांनी हिशेब विचारला की त्याला तो आरोप वाटतो आणि दोन मंडळींमध्ये अबोला सुरू होतो.

पहिलं भांडण बॅनरवरून होतं, हेही सांगून ठेवतो. कुणाच्या चर्चचं नाव आधी? उपाय सोपा आहे: बॅनरवर कुठल्याच चर्चचं नाव घालू नका. "शनिवारचं मैदान" किंवा असंच काही नाव ठेवा. मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, कन्नड वर. आपल्या भागात पाटीच्या भाषेवरून काय काय होतं ते कुणाला सांगायला नको, आणि मुलांच्या खेळाला त्याची झळ लागू देऊ नये.

दिवस आणि हंगाम

शाळा शनिवारी सकाळची असते, म्हणून दुपारी साडेतीन ते पाच ही वेळ बसते. रविवार सकाळ उपासनेची आणि मिस्सेची, दुपार लोकांच्या भेटीगाठींची. कमिटीत ॲडव्हेंटिस्ट मंडळी असेल तर शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस आहे हे लक्षात ठेवा. तेव्हा रविवारी दुपारी चारची वेळ धरा.

हंगाम जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. कारणं अशी: जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या पावसात मैदान हाती लागत नाही. ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी, मग दिवाळी. डिसेंबरात कॅरोल आणि नाताळच्या तालमींत तुमचेच तरुण सापडत नाहीत. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेच्या सुट्टीत निम्मी मुलं मामाच्या गावाला जातात, आणि दुपारनंतर वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. सुट्टीतच घ्यायचं असेल तर सकाळी सात ते साडेआठ ही वेळ ठेवा.

काही तारखा आधीच खोडून टाका. १ नोव्हेंबरला मुलांना एकत्र बोलावणारा कसलाही कार्यक्रम नको. एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस, रस्ते बंद, आईवडिलांच्या जिवाला घोर. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथ निघतात, त्या रात्री पोरं जागी असतात, दुसऱ्या सकाळी कुणी येत नाही. गावच्या जत्रेची आणि आठवडी बाजाराची चौकशी करून घ्या. बाजाराच्या दिवशी थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी अडकतात.

जागा आणि आखणी

चोवीस मुलांना २५ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी दोन छोटी मैदानं शेजारी शेजारी हवीत. मध्ये ५ मीटर मोकळे, चारी बाजूंनी २ मीटर सोडून, एकूण ३९ बाय २९ मीटर. म्हणजे अकरा गुंठ्यांच्या थोडी वर. चर्चचं आवार एवढं नसेल तर शेजारच्या शाळेचं मैदान मागा. सरकारी शाळा असेल तर मुख्याध्यापकांबरोबर एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) अध्यक्षांनाही पत्र द्या. कॅम्पातली छावणीच्या हद्दीतली जागा असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची लेखी परवानगी लागते. तोंडी "हो" वर विसंबू नका. चौथ्या शनिवारी त्याच जागी लग्नाचा मंडप उभा असतो.

आवारात उघडी विहीर, पाण्याची टाकी, गंजलेलं तारेचं कुंपण, उभ्या गाड्या आहेत का बघा. विहिरीला जाळी नसेल तर ती जागा सोडून द्या. "आपण लक्ष ठेवू" हे उत्तर चालणार नाही, कारण चेंडूमागे धावणारं मूल खाली बघत नाही.

काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने लागत नाही. दोरीला ६, ८ आणि १० मीटरच्या तीन बाजू होतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणला की ६ आणि ८ मधला कोपरा काटकोन होतो. आखून झाल्यावर कर्ण मोजा. २५ बाय १५ च्या मैदानाचे दोन्ही कर्ण २९ मीटर १५ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आला तर मैदान तिरकं झालंय.

फक्की मारताना दुकानदार जे देईल ते उचलू नका. कळीचा चुना ओला झाला की तापतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा करू शकतो. पांढरी रांगोळी किंवा खडूची पूड वापरा. दोन मैदानांना चार-पाच किलो पुरते. चुकून चुना डोळ्यात गेलाच तर चोळू न देता वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

माती जागेनुसार वेगळी वागते. खानापूर-बेळगावच्या लाल मुरमावर बारीक खडे असतात, पडलं की गुडघा सोलतो. खेळाआधी तासभर हलकं पाणी शिंपडलं तर धूळही बसते आणि पायाला पकडही येते. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. दोन बोटं जाईल एवढी प्रत्येक भेग त्याच मातीने बुजवून ठोकून घ्या. आणि काहीही असो, दर शनिवारी मुलं यायच्या आधी सगळ्या कार्यकर्त्यांनी एका ओळीत हातभर अंतरावर उभं राहून मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून काढायचं. काचा, खिळे, बाभळीचे काटे, बाटल्यांची बुचं, कुत्र्याची घाण, जे दिसेल ते बादलीत. पाच मिनिटांचं काम आहे. शुक्रवारी रात्री त्याच आवारात कोण बसून गेलं ते आपल्याला माहीत नसतं.

लोखंडी सुटे गोलपोस्ट कुणी फुकट देत असलं तरी घेऊ नका. ते पुढच्या बाजूला जड असतात, मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सगळा सांगाडा डोक्यावर येतो. यात मुलं दगावली आहेत. दोन कोन (खुणेसाठी ठेवतात ते प्लॅस्टिकचे शंकू) २ मीटर अंतरावर ठेवा, झाला गोल. गोलकीपर ठेवू नका, आणि चेंडू गुडघ्याच्या खालून गेला तरच गोल धरा. या एका नियमाने आंधळे फटके थांबतात आणि मुलं पास द्यायला लागतात. दगडांचे गोल मात्र नकोत, त्यावर बोटं फुटतात.

सामान

चोवीस मुलांसाठी चार नंबरचे आठ चेंडू. पाच नंबरचा मोठा चेंडू नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जड जातो, तो टोकाने लाथ मारायला शिकतो आणि ती सवय मग सुटत नाही. मुरमाड जमिनीवर शिवलेल्या चेंडूची शिवण महिन्याभरात घासून उसवते, त्यामुळे साचातले रबरी चेंडू घ्या. एक हातपंप, तीन सुया. सुई कोरडी घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा थेंब किंवा नुसती ओली करून, सरळ, हळू आत सारा. हवा किती भरायची ते व्हॉल्व्हजवळ छापलेलं असतं. उन्हात दगडासारखा टणक चेंडू लहान पायांना लागतो, म्हणून खालच्या आकड्याजवळ ठेवा.

चोवीस कोन. चार रंगांची सहा-सहा बिबं (संघ ओळखायला शर्टावरून घालायची रंगीत बंडी), म्हणजे चोवीस. तयार बिबं घेण्यापेक्षा गल्लीतल्या शिंप्याकडून सुती कापडाची बिनबाह्यांची शिवून घ्या, बाजूला नाडी ठेवा. ती दर आठवड्याला धुवायची आहेत, आणि कोण धुणार याची पाळी कागदावर लिहा. न लिहिता सोडलं तर आठही आठवडे एकच बाई धुते. दोन शिट्ट्या, एक फळा, हजेरीची वही.

बुटांचा नियम पक्का ठेवा: एका मैदानावर एकतर सगळे अनवाणी, नाहीतर सगळे बुटात. अर्धे बूट आणि अर्धे अनवाणी असले की बोटांची नखं उचकटतात. आमच्या भागात निम्म्याहून जास्त मुलं अनवाणी येतील हे धरून चला, आणि सगळ्यांनाच बूट काढायला लावा. खिळ्यांचे बूट कुणालाच नाहीत. एखाद्या गरीब मुलाला सगळ्यांदेखत बूट देऊ नका. त्याला पुढच्या शनिवारी यायची लाज वाटते.

पाणी: माणशी अर्धा लिटर, म्हणजे मुलांचंच बारा लिटर, कार्यकर्ते धरून वीस लिटरचा एक कॅन. पेला एकच ठेवला तर सर्दी-खोकला सगळ्यांत फिरतो. मुलांनी आपापली बाटली आणावी आणि कॅनमधून भरून घ्यावी. खाऊ म्हणून एकेक केळं पुरे. शेंगदाण्याची चिक्की काही मुलांना सोसत नाही, अंड्याचा केक जैन आणि लिंगायत घरांत चालत नाही, केळ्याला कुणाचीच हरकत नसते.

घराघरात जाणं आणि नोंद

नुसती पाटी लावून मुलं येतील, पण त्यांचे आईवडील निश्चिंत नसतील. दोघा-दोघांनी, त्यात एक बाई, गल्लीत घरोघर जा. आईशी बोला. काय आहे, किती वेळ, कोण सांभाळणार, मुली खेळणार का, याची सरळ उत्तरं द्या. गल्लीतल्या पंच मंडळींना, गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना आणि मशिदीच्या कमिटीला आधीच भेटा. त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळलं तर शंका येते. आधी तुमच्याकडून कळलं तर तेच आपली मुलं पाठवतात, आणि पुढे मैदान आखायला हातही लावतात.

पहिल्या वर्षी ९ ते १२ वर्षांचा एकच गट घ्या. वय शाळेच्या ओळखपत्रावर बघा आणि ते लगेच परत द्या. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, त्या सांभाळायची जबाबदारी अंगावर कशाला?

फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत हवा. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, घरच्या दोन मोठ्यांचे फोन, दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे का, कशाची ॲलर्जी, मूल एकटं घरी जाऊ शकतं की कुणी न्यायला येणार, आणि फोटो काढायला परवानगी आहे की नाही. जातीचा आणि धर्माचा रकाना नको. ज्या आईला वाचता येत नाही तिला पूर्ण वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. फी ठेवू नका. एका घरातली तीन भावंडं असली की फीपायी दोनच येतात, आणि मागे राहते ती बहीण.

मुलांची सुरक्षितता, जिथे सूट नाही

हा भाग कमिटीने दोनदा वाचावा.

चोवीस मुलांमागे किमान चार मोठी माणसं, त्यात किमान एक बाई. चारपेक्षा कमी आली तर त्या दिवशी खेळ नाही, मुलांना केळं देऊन घरी पाठवा. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत, गाडीवर, सामानाच्या खोलीत, कुठेच नाही. मुलांना कार्यकर्त्यांनी खासगी मेसेज करायचे नाहीत. निरोप पालकांच्या फोनवर. मारणं, कान पिळणं, उन्हात उभं करणं हे "आमच्या वेळी चालायचं" म्हणून चालणार नाही. कार्यकर्ता कितीही जुन्या घराण्यातला, कितीही भाविक असला तरी पोलीस पडताळणी करून घ्या, आणि ती सगळ्यांची करा म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही.

मुलाने काही सांगितलं किंवा तुम्हाला लैंगिक छळाचा संशय आला तर चर्चच्या कमिटीत चौकशी करत बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाला खोदून प्रश्न विचारू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ फळ्यावर कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या, मुलांना दिसेल एवढ्या उंचीवर.

मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर मुली दोन शनिवार येतात आणि तिसऱ्याला कारण न सांगता थांबतात.

नव्वद मिनिटांची मांडणी

पहिली १५ मिनिटं हजेरी, नखं तपासणं आणि पळापळीचा खेळ. बांगड्या, अंगठ्या, कानातले लोंबते डूल काढून एका डब्यात ठेवा. गळ्यातला ताईत, करदोटा, क्रूस काढायला लावू नका. त्यावर चिकटपट्टी लावा, काम होतं.

पुढची २५ मिनिटं कसब. चोवीस मुलांचे सहा-सहाचे चार गट करा. एक खेळ: ८ मीटरच्या चौकोनात चौघं चेंडू एकमेकांकडे देतात, मधले दोघं हिसकावतात. दर दोन मिनिटांनी मधले बदला. दुसरा: सहा मीटर अंतरावर समोरासमोर, मध्ये एक मीटरचं दार, त्यातून पास. तिसरा: कोनांमधून चेंडू नेणं, एका चेंडूमागे तिघं. रांगेत कधीही चारपेक्षा जास्त मुलं उभी करू नका. आठांच्या रांगेत दोन मिनिटांत मुलाच्या वाट्याला पंधरा सेकंद येतात, उरलेल्या वेळात ते पुढच्याला ढकलतं. मग कार्यकर्ता म्हणतो, "ही पोरं ऐकत नाहीत." रांग लांब होती, एवढंच झालेलं असतं. या वयात हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, शिकवू नका.

५ मिनिटं पाणी. मग ४० मिनिटं सामने: चार संघ, दोन मैदानं, दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये पाच-पाच मिनिटं. तीन फेऱ्यांत प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी खेळतो आणि कुणी बसून राहत नाही. मैदानावर पाच-पाच जण, सहावा दर दोन मिनिटांनी शिट्टीवर आत. शेवटची ५ मिनिटं सामान गोळा करणं, चेंडू मोजणं, केळं.

भाषेबद्दल: एकाच गटात मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणारी मुलं असतील. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे माझ्याजवळ या, तीन म्हणजे पाणी. पहिल्या शनिवारी हे तीन वेळा करून घ्या. बाकीचं मुलं आपसात समजावतात. कुणी "बॉल हाक" म्हणेल, कुणी "पास दे", आणि दोन्हीवर चेंडू येईल. कार्यकर्त्यांना मुलं दादा-ताई म्हणोत की अण्णा-अक्का, दोन्ही चालू द्या.

संघ पाडणं

पहिल्या शनिवारी संघ करू नका. सगळ्यांना मिसळून खेळवा आणि तीन कार्यकर्त्यांनी गुपचूप प्रत्येक मुलापुढे १, २ किंवा ३ असा अंदाज लिहावा. नंतर मोठ्यांनी बसून चार सारखे संघ पाडावेत. दोन कप्तान उभे करून आळीपाळीने मुलं निवडायला लावली तर शेवटी उरलेलं मूल सगळ्यांसमोर उरतं, आणि पुढच्या शनिवारी ते येत नाही. संघात मुली असतील तर दोन तरी एकत्र ठेवा. एकटीला कुणी पास देत नाही.

चर्चप्रमाणे, गल्लीप्रमाणे किंवा शाळेच्या माध्यमाप्रमाणे संघ करू नका. तसं केलं की मोठ्यांची जुनी भांडणं मुलांच्या बिबांवर चढतात. नावं नद्यांची द्या: मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी. या नद्या सगळ्यांच्याच शिवारातून वाहतात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे खानापूरच्या पोरांना माहीत असतं, ती मोठ्या अभिमानाने इतरांना सांगतात. गुण विजयाला ३, बरोबरीला १, आणि सगळा संघ वेळेवर आला तर आणखी १. हा शेवटचा गुण असला की मुलंच एकमेकांना घरातून बोलावून आणतात.

जागा लहान असेल तर

फुटबॉलला जागा नसेल तर कबड्डी. सब-ज्युनियरचं मैदान ११ बाय ८ मीटरचं असतं, आणि तेवढं बहुतेक आवारांत बसतं. पण टणक जमिनीवर खेळवू नका, कोपर आणि गुडघे फुटतात. जमीन खणून, माती चाळून, खडे काढून मऊ करावी लागते, आणि ते काम आधीच्या आठवड्यात करायचं. खो-खोला पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर लागतं. खांब गुळगुळीत हवेत, एक खिळा राहिला तर तळहात फाटतो. मुलींना खो-खो शाळेत शिकवलेला असतो. पहिल्या दिवशी त्याच मुलांना शिकवतात, आणि त्यानंतर फुटबॉलमध्ये त्यांना कुणी बाजूला सारत नाही.

दुखापत, ऊन, वीज

पेटीत साबण, गॉजचे वीस तुकडे, दोन क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, ओआरएसची दहा पाकिटं आणि थर्मासमध्ये बर्फ. वेदनाशामक गोळी पालकांना विचारल्याशिवाय देऊ नका. सोललेला गुडघा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, वर हळद किंवा माती नको. मुरगळलेल्या घोट्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, चोळणं नाही. ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करून घ्या.

डोक्याला मार लागलेलं मूल "बरा आहे" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळणार नाही. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर १०८ ला फोन. कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी न्या, पट्टी बांधून घरी पाठवू नका. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली कुणी नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटांनीच बाहेर यायचं.

प्रार्थना कुठे आणि केव्हा

कार्यकर्त्यांनी मुलं यायच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये जमून एकत्र प्रार्थना करावी, पाळी लावून: एका शनिवारी फादर, दुसऱ्या शनिवारी मेथॉडिस्ट पाळक, तिसऱ्या शनिवारी हॉलमधल्या मंडळीचे पास्टर. ज्याची जशी पद्धत तशी. दहा मिनिटं पुरे. मैदानावर मात्र प्रवचन नाही, पत्रक नाही, "रविवारी चर्चला आलास तर टी-शर्ट" असं काही नाही. ज्या घराने आपलं मूल विश्वासाने पाठवलं त्या घराशी हे सरळपणे वागणं आहे. येशूने मुलांना जवळ घेतलं तेव्हा त्यांच्याकडून आधी काही मागितलं नव्हतं. कुणा पालकाने स्वतःहून चर्चबद्दल विचारलं तर त्याला मोकळेपणाने उत्तर द्या, पण मैदानाबाहेर, मोठ्यांनी मोठ्यांशी बोलताना.

लाउडस्पीकर लावू नका. त्याला पोलिसांची परवानगी लागते आणि चोवीस मुलांना शिट्टी पुरते.

आठवा शनिवार आणि नंतर

शेवटच्या शनिवारी आईवडिलांना बोलवा आणि त्यांना मुलांबरोबर दहा मिनिटं खेळवा. साडीचा पदर खोचून आया मैदानात उतरतात तेव्हा मुलं सगळ्यात जास्त हसतात. ट्रॉफी ठेवू नका. प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचं एक कार्ड द्या आणि त्यावर आठ शनिवारांत त्याला काय जमायला लागलं ते एका ओळीत हाताने लिहा: "डाव्या पायाने पास द्यायला शिकला", "पडलेल्या धाकट्याला उठवलं". हे लिहिता यावं म्हणून दर शनिवारी हजेरीच्या वहीत तीन-चार मुलांपुढे टिपण करत चला. आठव्या आठवड्यात एकदम आठवत नाही.

त्याच आठवड्यात कमिटीने हिशेब वाचून दाखवावा आणि वही, चावी, उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या प्रमुखाकडे द्यावेत. तो वेगळ्या चर्चचा असावा. बिबं धुऊन कडक उन्हात वाळवा. चेंडूंची हवा निम्मी काढा, पुसून कोरडे करा आणि सुती पिशवीत घालून खुंटीला टांगा. प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून जमिनीवर ठेवले तर जुलैच्या दमट हवेत बुरशी धरते. सुया तेलाचं बोट लावून डबीत ठेवा, आणि पिशवीवर चिठ्ठी लावा: चेंडू किती, कुठला गळतो, कुठल्या दुकानातून आणले.